एकस्की हिमवाहन

एकस्की हिमवाहन : बर्फाच्छादित भूमीवरून जाणारे, पुढे दिशा देणारी एकच स्की आणि मागे एंजिनाच्या शक्तीने फिरणारा एक किंवा दोन रबरी पट्टे असलेले यांत्रिक वाहन. स्की म्हणजे लांब, चपटी व पुढच्या टोकाशी वर वळलेली घसरपट्टी. स्नोमोबाइल या नावाने परिचित असलेल्या सर्वसाधारण हिमवाहनास पुढे दोन स्की असतात व त्या एकमेकींपासून सु. एक मीटर अंतरावर असल्याने वाहन आपोआप तोल सावरून उभे राहते. एकस्की वाहनात हा आधार नसतो. त्यामुळे त्याची रचना, चालविण्याचे तंत्र व उपयोगाचे क्षेत्र ही तिन्ही वेगळी आहेत. या वाहनांचे दोन प्रमुख प्रकार आहेत : (१) दोन रुंद पट्ट्यांचे, ओझी ओढणारे कामाचे वाहन आणि (२) एका अरुंद पट्ट्याची हिमदुचाकी. पहिला प्रकार सायबीरियासारख्या विरळ वस्तीच्या प्रदेशात दळणवळणाचे साधन म्हणून रूढ झाला, तर दुसरा उत्तर अमेरिकेच्या पर्वतीय भागात मुख्यतः क्रीडेसाठी प्रचारात आला. नवशिक्यास हिमदुचाकी अल्पावधीत आत्मसात होते. परंतु ज्या बर्फावर ती चालते त्याचे ज्ञान मिळण्यास कित्येक हिवाळे लागतात. या वाहनाच्या शिक्षणातील मुख्य प्रश्न या विसंगतीतून निर्माण झाला आहे.

इतिहास : एंजिनाच्या साह्याने बर्फावरून जाण्याचे प्रयत्न विसाव्या शतकाच्या आरंभापासून होत आले. रशियाच्या झारच्या मोटारशाळेत काम करणारे फ्रेंच अभियंते आदॉल्फ केग्रेस यांनी मोटारगाडीची मागील चाके काढून त्या जागी लवचिक पट्टे बसविले. अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यातील सेनर येथे कार्ल एलिअसन यांनी १९२४ मध्ये लाकडी घसरगाडीला एंजिन व पट्टा जोडून एका-दोघांना नेणारे वाहन तयार केले आणि १९२७ मध्ये त्याचे एकस्व मिळविले.

आधुनिक हिमवाहनाचे श्रेय प्रामुख्याने कॅनडाच्या क्वेबेक प्रांतातील व्हॅलकोर्ट येथील यंत्रज्ञ झोझेफ-आर्मां बाँबार्ड्ये (१६ एप्रिल १९०७–१८ फेब्रुवारी १९६४) यांना दिले जाते. त्या काळी क्वेबेकच्या ग्रामीण भागातील रस्ते हिवाळाभर बर्फाखाली बंद असत. १९३४ च्या हिवाळ्यात बाँबार्ड्ये यांचा दोन वर्षांचा मुलगा उदरावरणशोथाने आजारी पडला. रस्ते बंद असल्यामुळे त्यास रुग्णालयात नेता आले नाही व तो दगावला. बाँबार्ड्ये यांचे बर्फावरील वाहनाचे प्रयोग त्यापूर्वीच सुरू झाले होते. या घटनेनंतर त्यांनी ते अधिक निकराने पुढे नेले. दंतचक्राने फिरणाऱ्या रबरी पट्ट्याचे एकस्व मिळवून १९३७ मध्ये त्यांनी सात प्रवाशांचे ‘बी-७’ हे वाहन विक्रीस आणले. वैद्य, टपालखाते व शाळा यांच्याकडून अशा मोठ्या वाहनांना मागणी येऊ लागली. पुढे एंजिने लहान व हलकी झाल्यावर १९५९ मध्ये त्यांच्या कारखान्यातून ‘स्की-डू’ हे एका-दोघांसाठीचे छोटे हिमवाहन बाहेर पडले आणि हिमवाहन ही कुटुंबाच्या आवाक्यातील वस्तू बनली.

स्की-डूच्या मालिकेतच पुढे ‘अल्पाइन’ हे दोन पट्ट्यांचे व एका स्कीचे वाहन निघाले. पर्वतीय क्रीडाकेंद्रांवरील गस्त, जखमींना खाली आणणे, सामानाच्या घसरगाड्या ओढणे यांसाठी ते उपयुक्त ठरले. याच धर्तीचे ‘बुरान’ हे वाहन सोव्हिएट रशियात व्होल्गा नदीवरील रिबिन्स्क येथील एंजिन-कारखान्यात १९७१ पासून मोठ्या प्रमाणावर तयार होऊ लागले. बुरान या शब्दाचा अर्थ गवताळ मैदानावरील हिमवादळ असा आहे. रेनडियर पाळणारे, शिकारी, मच्छीमार व भूवैज्ञानिक यांच्या हाती पडलेले हे वाहन उत्तर रशियात इतके रुळले की, हिमवाहन या अर्थी सामान्य बोलण्यात बुरान हेच नाव वापरले जाऊ लागले.

मोटारसायकलीचे बर्फावरील वाहनात रूपांतर करण्याची कल्पनाही जुनी आहे. १९७० नंतरच्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतील क्रायस्लर कंपनीने ‘स्नो-रनर’ नावाचे, पुढे स्की व मागे पट्टा असलेले, एका माणसासाठीचे अतिशय हलके वाहन विक्रीस आणले. परंतु त्याचे उत्पादन फार काळ चालले नाही. खोल बर्फात समर्थपणे चालणारी हिमदुचाकी २०१० नंतर प्रचारात आली. आयडाहो राज्यातील सँडपॉइंट येथील टिंबरस्लेड या संस्थेने तयार केलेला जोडसंच यास कारणीभूत झाला. डोंगराळ वाटांवर वापरण्याच्या मोटारसायकलीची दोन्ही चाके काढून तो तिला बसविता येतो. २०१५ मध्ये पोलॅरिस या मोठ्या हिमवाहन-उत्पादक कंपनीने टिंबरस्लेड विकत घेतली. आर्क्टिक कॅट या दुसऱ्या कंपनीने मुळातच बर्फासाठी बांधलेली ‘एसव्हीएक्स ४५०’ ही हिमदुचाकी २०१७ मध्ये जाहीर केली. त्याच वर्षी कोलोरॅडो राज्यातील ॲस्पेन येथे झालेल्या ‘एक्स गेम्स’ या हिवाळी सामन्यांत हिमदुचाकींच्या शर्यतीचा प्रथम समावेश झाला.

रचना व कार्य : कोणत्याही हिमवाहनाचे पहिले काम बर्फात न रुतणे हे असते. वजन मोठ्या क्षेत्रफळावर पसरल्याने हे साध्य होते. चालकासह हिमदुचाकीचे वजन २४० किग्रॅ. आणि बर्फावर टेकलेला पट्ट्याचा भाग ३० सेंमी. रुंद व १८० सेंमी. लांब मानला, तर प्रत्येक चौ. सेंमी.वर सु. ४५ ग्रॅ. भार येतो. याउलट ८० किग्रॅ. वजनाच्या माणसाने एका बुटावर भार दिल्यास तोच आकडा सु. २६५ ग्रॅ. होतो. म्हणजे ज्या बर्फावरून वाहन तरंगत जाते त्याच बर्फात त्यावरून उतरलेला चालक मांडीपर्यंत रुततो. नवशिक्यांना ही गोष्ट पहिल्या पडझडीतच कळून येते.

पट्टा वळवळत न राहता सपाट टेकावा म्हणून त्याच्या आत सरकदांडे, लहान चाके आणि धक्काशोषक बसविलेले असतात. पट्ट्याच्या बाहेरील अंगास रबराचे आडवे दात असतात. भुसभुशीत बर्फासाठी ते सु. ६ सेंमी. किंवा त्याहून अधिक उंच ठेवतात. स्कीच्या तळाशी धातूच्या कण्यासारख्या कडा असतात. त्या बर्फात रुतल्यामुळेच स्की आडवी न घसरता दाखविलेल्या दिशेने जाते.

दोन पट्ट्यांच्या वाहनात दोन्ही पट्टे सारख्याच गतीने फिरतात व वाहनास सरळ पुढे ढकलतात. बहुतेक भार पट्ट्यांवर असल्याने पुढील स्कीवर दाब कमी पडतो. म्हणून बुरानसारखे वाहन वळविण्यास बरीच जागा लागते आणि वळताना चालकास उठून, पुढे व आतील बाजूस झुकून स्कीवर भार द्यावा लागतो. या उणिवेच्या मोबदल्यात मिळणारे लाभ मोठे आहेत. दोन पट्ट्यांमुळे वाहन खोल व पोकळ बर्फातही तरते, जड घसरगाडी ओढते आणि पुढे एकच स्की असल्याने झुडुपांत व झाडांच्या दाटीत अडकत नाही. बुरानचे सु. ६३५ घ. सेंमी. धारणेचे, दोन सिलिंडरांचे, टू-स्ट्रोक एंजिन हवेने थंड होते. त्यामुळे गोठणारे पाणी त्यात नसते. एंजिनाकडून पट्ट्यांकडे शक्ती नेणारा चालक-पट्टा वेगानुसार आपोआप गुणोत्तर बदलतो. थोड्या हत्यारांनिशी उघड्या माळावर दुरुस्त करता येणे, हा या वाहनाच्या दीर्घ लोकप्रियतेचा मुख्य आधार आहे.

हिमदुचाकीत स्की व पट्टा एका रेषेत असल्याने ती सायकलीप्रमाणे तोल सांभाळून चालवावी लागते आणि वळताना आतील बाजूस कलवावी लागते. तिच्यासाठी बहुधा ४५० घ. सेंमी.च्या आसपास धारणा असलेल्या चार धावांच्या एंजिनाची मोटारसायकल वापरतात. क्लच व गिअर मूळचेच राहतात. साखळीने शक्ती एका मधल्या दंडाकडे व तेथून पट्ट्याच्या दंतचक्राकडे जाते. पुढील चाक नसल्याने पुढील ब्रेक निरुपयोगी ठरतो. पायाने दाबावयाचा ब्रेक पट्टा फिरविणाऱ्या दंडावर कार्य करतो. मूळ मोटारसायकल उन्हाळी हवेसाठी बनविलेली असल्यामुळे थंडीत तिचे एंजिन पुरेसे तापत नाही. म्हणून शीतनव्यवस्थेत तापनियंत्रक झडप बसविणे, रेडिएटर अंशतः झाकणे आणि हवा आत घेण्याच्या मार्गात बर्फ साचू नये म्हणून त्यावर आच्छादन घालणे, असे फेरफार करावे लागतात. एंजिनाची शक्ती उंचीनुसार दर हजार मीटरांस सु. दहा टक्क्यांनी घटते, हेही डोंगरावर लक्षात घ्यावे लागते.

चालविण्याचे शिक्षण : हिमदुचाकी शिकावयास येणारे बहुधा दोन प्रकारचे असतात : मोटारसायकल चालविणारे आणि दोन स्कींचे हिमवाहन चालविणारे. दोघांनाही काही सवयी सोडाव्या लागतात. मोटारसायकलस्वार वळणावर आतील पाय बाहेर काढतो. खोल बर्फात असा पाय अडकून गुडघा पिळवटण्याचा संभव असतो. म्हणून दोन्ही पाय पायठाशांवरच ठेवण्याची सवय प्रथम लावतात. हिमवाहनाच्या चालकास अंगठ्याने दाबावयाच्या वेगनियंत्रक कळीची आणि आपोआप बदलणाऱ्या गुणोत्तराची सवय असते. त्याला क्लच, गिअर व मुठीने फिरवावयाचा वेगनियंत्रक यांचा सराव आधी कोरड्या जमिनीवर मोटारसायकलीवर करून घेणे श्रेयस्कर ठरते. अवजड वाहन जोराने ओढून कलते करण्याची त्याची सवयही येथे अनावश्यक असते. कारण हिमदुचाकी अल्प प्रयत्नाने कलते.

पहिल्या धड्यासाठी सपाट व मोकळे कुरण, टणक थरावर सु. ३० सेंमी. ताजे बर्फ आणि स्वच्छ प्रकाश ही परिस्थिती उत्तम होय. दाबून टणक झालेली वाट सोपी वाटते. प्रत्यक्षात ती एका स्कीस प्रतिकूल असते. पूर्वीच्या वाहनांनी पाडलेल्या चरांत स्कीच्या कडा शिरतात व वाहन चरांच्या दिशेने अचानक ओढले जाते. अशा वेळी नवशिका हँडल घट्ट धरून त्याच्याशी झगडतो व अधिकच तोल गमावतो. हँडल सैल धरून, भार किंचित मागे ठेवून व वेग सौम्य राखून स्कीला थोडे भटकू देणे, हा त्यावरील उपाय आहे.

चालकाने उभे राहून, गुडघे किंचित वाकवून व कोपरे उचलून शरीराचा भार पायठाशांवर ठेवावयाचा असतो. आरंभी बहुधा दुसरा गिअर वापरून क्लच हळुवार सोडतात. झटका दिल्यास पट्टा पुढे न नेता खाली खणू लागतो. वाहन गतीत असेपर्यंत स्थिर असते, म्हणून अतिशय मंद गती ही सावधगिरी नसून अडचण ठरते. वळावयाचे असल्यास नजर वळणाच्या शेवटाकडे ठेवून वाहन आत कलवितात व वेगनियंत्रक स्थिर ठेवतात. वळणाच्या मध्यात तो एकाएकी बंद केल्यास पट्ट्याचे कर्षण थांबते, वाहन बसते व चालक आतील बाजूस पडतो.

थांबणे हा स्वतंत्रपणे शिकविण्याचा भाग आहे. भुसभुशीत बर्फात ब्रेकची गरज क्वचित भासते. वेगनियंत्रक सोडताच वाहन थांबते. परंतु थांबल्यावर टेकविलेल्या पायास तळ लागत नाही आणि वाहन अंगावर कलंडते. म्हणून थांबण्यापूर्वीच जागा निवडावी, शक्यतो तोंड उताराकडे ठेवावे आणि आडव्या उतारावर वाहन चढाच्या अंगास टेकवावे, असे शिकवितात. टणक उतारावर खाली येताना मात्र पट्टा ब्रेकने पूर्ण रोखल्यास सर्व वाहन घसरगाडीसारखे घसरते. तेथे खालच्या गिअरमध्ये राहून एंजिनाच्या रोधाचा उपयोग करावयाचा असतो.

चढावर गती कमी होऊ लागल्याचे जाणवताच, वाहन थांबण्याआधी, उताराकडे वळून परतणे हे चढाचे पहिले सूत्र होय. शेवटच्या क्षणापर्यंत वेगनियंत्रक पिळत राहिल्यास पट्टा स्वतःखाली खड्डा खणतो. रुतलेले वाहन सोडविताना प्रथम एंजिन बंद करतात. मग ते आडवे पाडून मोकळ्या झालेल्या चरात बर्फ भरून तुडवितात, पुढील बर्फ दाबून वाट करतात आणि वाहन उभे करून सौम्य गतीने बाहेर काढतात. डोंगराच्या कडेने आडवे जाणे हे दोन स्कींच्या वाहनातील कठीण कौशल्य हिमदुचाकीवर जवळजवळ स्वाभाविक होते. कारण अरुंद पट्टा उतारात स्वतःची पायरी कोरीत जातो.

निघण्यापूर्वीच्या तपासणीत वेगनियंत्रक सोडताच पूर्ववत येतो की नाही हे पाहणे सर्वांत महत्त्वाचे आहे. त्याच्या तारेत बर्फ गोठल्यास एंजिन बेफाम होते. चालकाच्या अंगाशी बांधलेली व पडल्यास एंजिन बंद करणारी दोरी, शिरस्त्राण, डोळ्यांवरील चष्मा, ओलावा बाहेर सोडणारे आतील कपडे आणि सुटे कोरडे हातमोजे हे आवश्यक समजतात. हे वाहन चालविताना भरपूर श्रम होऊन घाम येतो व थांबताच ओलसर कपड्यांमुळे शरीर झपाट्याने थंड पडते.

धोके : वरील तंत्र चपळ माणसास एक-दोन दिवसांत जमू लागते. दोन स्कींच्या वाहनावर तीव्र उतार व दाट झाडी यांत शिरण्याइतपत हात बसण्यास बहुधा कित्येक हंगाम लागतात. त्या अवधीत चालक अनुभवी सोबत्यांकडून बर्फाची लक्षणेही शिकतो, असे निदान अपेक्षित असते. हिमदुचाकीने ही पायरी गाळली आहे. पहिल्याच आठवड्यात नवशिका अशा उतारावर पोहोचू शकतो की, जेथील धोका ओळखण्याची त्याची तयारी झालेली नसते. यामुळे हिमस्खलनाचे प्राथमिक शिक्षण वाहनाच्या पहिल्या धड्याबरोबरच, किंबहुना त्याआधी, घेतले पाहिजे.

प्राणघातक हिमस्खलने बहुधा लादीच्या स्वरूपाची असतात. वरचा सलग व घट्ट थर खालील दुर्बल थरावर विसावलेला असतो. अतिरिक्त भाराने दुर्बल थर कोसळतो, भंग वेगाने पसरतो आणि वरची लादी तुकडे होऊन खाली येते. असे स्खलन मुख्यतः ३०° ते ४५° च्या उतारावर होते आणि नेमके हेच उतार चालकांना आकर्षक वाटतात. हिमस्खलनात सापडून मृत्यू पावणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या बाबतीत ते स्खलन त्यांच्या स्वतःच्या किंवा सोबत्याच्या भारानेच सुरू झालेले असते. तीव्र उताराखालील सपाट जागाही सुरक्षित नसते. वरील भागातील भंग खालून जाणाऱ्याच्या भारानेही सुरू होऊ शकतो.

गाडल्या गेलेल्या माणसास पहिल्या दहा ते पंधरा मिनिटांत बाहेर काढल्यास तो वाचण्याचा संभव मोठा असतो. अर्ध्या तासानंतर तो फारच घटतो. बाहेरील मदतपथक इतक्या अवधीत पोहोचत नाही. म्हणून प्रत्येकाजवळ ४५७ किलोहर्ट्झ या आंतरराष्ट्रीय कंप्रतेवर संदेश पाठविणारे व शोधणारे शोधयंत्र, जोडून लांब होणारी शोधकाठी आणि फावडे ही तीन साधने असावी लागतात. ती वाहनाला न बांधता अंगावर बाळगावयाची असतात, कारण स्खलनात माणूस व वाहन वेगळे होतात. भ्रमणध्वनी व विद्युत् उपकरणे यांमुळे शोधयंत्राच्या कार्यात व्यत्यय येतो, म्हणून ती त्यापासून दूर ठेवतात. फुगणाऱ्या पिशवीची पाठपिशवी माणसास स्खलनाच्या पृष्ठभागाजवळ राहण्यास मदत करते. तथापि झाडांवर वा खडकांवर आपटून होणाऱ्या इजांपासून तिच्यामुळे संरक्षण मिळत नाही.

बर्फाच्या प्रदेशांतील संस्था हिवाळ्यात हिमस्खलनाचा इशारा पाच पातळ्यांत प्रसृत करतात. त्यांपैकी मधली, तिसरी पातळी नवशिक्यांना मध्यम व म्हणून चालण्यासारखी वाटते. वस्तुतः पुष्कळसे मृत्यू याच पातळीच्या दिवशी होतात. नुकतेच झालेले दुसरे स्खलन, पायाखाली बर्फ ‘धप्’ असा आवाज करून बसणे, वाहनापुढे भेगा धावणे, मोठा हिमवर्षाव किंवा वारा आणि तापमानात एकाएकी झालेली वाढ ही प्रत्यक्ष जागेवरील लक्षणे होत. उतारावर एका वेळी एकानेच जावे, इतरांनी सुरक्षित जागेवरून त्याच्यावर नजर ठेवावी आणि एखादा चढावर रुतल्यास दुसऱ्याने त्याच्या मदतीस वाहन नेऊ नये, हे नियम सर्वत्र शिकविले जातात. शेवटचा नियम माणुसकीविरुद्ध भासल्याने मोडला जातो. परंतु दुसऱ्या वाहनाचा भार, तोही रुतलेल्याच्या अगदी वर किंवा शेजारी, दोघांनाही गाडण्यास पुरेसा ठरू शकतो. १३ मार्च २०१० रोजी कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात रेव्हलस्टोकजवळील बोल्डर पर्वतावर हिमवाहनांची चढाई पाहण्यास सु. दोनशे लोक उताराखाली जमले असता हिमस्खलन होऊन दोन जण मृत्युमुखी पडले व तीसच्या आसपास जखमी झाले. शोधयंत्रे व फावडी बाळगणारे पुष्कळ लोक जागेवरच असल्याने गाडलेल्यांचा शोध तत्काळ सुरू होऊ शकला.

सूचिपर्णी झाडांच्या खालच्या फांद्यांमुळे बुंध्याभोवती बर्फ पोकळ राहते. हिमदुचाकी झाडांच्या दाटीतून सहज जात असल्याने तिच्या चालकास या खड्ड्यांचा धोका विशेष असतो. डोके खाली होऊन पडलेल्या माणसाभोवती बर्फ कोसळते व तो धडपडीने अधिकच अडकून गुदमरतो. म्हणून झाडीत दोघांनी एकमेकांच्या दृष्टिपथात व हाकेच्या अंतरावर राहावयाचे असते.

सपाट प्रदेशात, विशेषतः बुरानच्या चालकांना, गोठलेल्या नद्या व सरोवरे यांपासून भय असते. प्रवाहाच्या वळणांवर व ओढ्यांच्या मुखाशी बर्फाचा थर पातळ असतो. कडक थंडीत दाबामुळे पाणी बर्फाच्या थरावर येऊन वरच्या भुसभुशीत आच्छादनाखाली दडते. त्यात शिरलेल्या वाहनाचे पट्टे थांबताच गोठून जातात. वस्तीपासून दूर वाहन निकामी होणे हाच एक धोका असल्याने उत्तर रशियातील शिकारी लांबच्या प्रवासास शक्यतो दोन वाहने घेऊन निघतात आणि पायी परतण्यासाठी स्की, कुऱ्हाड, आगपेटी व सुटा चालक-पट्टा बरोबर ठेवतात.

पर्यावरण व नियमन : हिमवाहनांचा आवाज व वावर यांमुळे हिवाळ्यात अल्प आहारावर तग धरणाऱ्या प्राण्यांची शक्ती पळण्यात खर्च होते. ब्रिटिश कोलंबियात पर्वतीय कॅरिबूंच्या रक्षणासाठी काही क्षेत्रे हिमवाहनांना बंद करण्यात आली आहेत. हिमदुचाकी पूर्वी दुर्गम असलेल्या दाट जंगलात शिरू शकत असल्याने अशा क्षेत्रांच्या सीमा माहीत करून घेणे हाही नवशिक्याच्या शिक्षणाचा भाग मानला जातो.

भारत : भारतात हिमवाहने मुख्यतः हिमालयातील लष्करी ठाणी आणि काश्मीरमधील गुलमर्ग व हिमाचल प्रदेशातील सोलांग यांसारखी पर्यटनस्थळे येथे वापरली जातात. ‘स्नो स्कूटर’ या नावाने पर्यटकांना फिरविणारी ही वाहने सामान्यतः दोन स्कींची असतात. एकस्की प्रकार येथे रूढ झालेला नाही. तथापि हिमस्खलनाचा धोका हिमालयातही तितकाच आहे. गुलमर्गच्या वर खिलनमर्ग येथे ८ फेब्रुवारी २०१० रोजी झालेल्या हिमस्खलनात प्रशिक्षणासाठी आलेले १७ सैनिक मृत्यू पावले. हिमालयातील बर्फ व हिमस्खलने यांच्या अभ्यासासाठी १९६९ मध्ये मनाली येथे एक संरक्षण संशोधन संस्था स्थापन झाली. २०२० मध्ये तिचे दुसऱ्या एका प्रयोगशाळेबरोबर एकत्रीकरण करून संरक्षण भूमाहिती संशोधन आस्थापना निर्माण करण्यात आली. हिमालयातील हिमस्खलनाचे इशारे ही संस्था प्रसृत करते. पर्यटनस्थळाची आखलेली हद्द ओलांडून वरच्या उतारांकडे जाणाऱ्या प्रत्येकाने, मग तो वाहनावर असो की पायी, त्या दिवशीचा इशारा पाहणे आवश्यक ठरते.